निवृत्तीनंतरचं घर: फाटकबंद वसाहत की खुली?

सांजवारा

निवृत्तांसाठीच्या वसाहती मुख्यतः दोन तऱ्हेच्या दिसतात. एक गेटेड: भोवती कुंपण, एक-दोन फाटकं, चोवीस तास पहारा, आतले रस्ते वसाहतीच्या मालकीचे. दुसरी खुली: घरं ज्येष्ठांना सोयीची, सामाईक हॉल आहे, मदतनीस आहेत, पण रस्ते सार्वजनिक आणि कोणीही ये-जा करतं. माहितीपत्रकं चाळली तर पहिली सुरक्षित आणि दुसरी परवडणारी, एवढ्यावर विषय संपतो. तो इतका सोपा नसावा.

समजा साठीच्या उत्तरार्धातलं जोडपं आहे. एक जण गाडी चालवतो, दुसऱ्याचे गुडघे दुखतात, मुलं परगावी. पुढची वीस वर्षं त्याच घरात काढायची आहेत. निवड करताना नेमकं काय तपासायचं? ‘वातावरण छान आहे’ यापलीकडचं, मोजून बघता येईल असं लिहा. माझा कल गेटेडकडे आहे, कारण रात्री निर्धास्त झोप लागणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट आहे.

कडीकोयंडा

फाटकावर भिस्त ठेवणार असाल तर आधी ते फाटक तपासा. घर बघायला गेलात की नमुना फ्लॅटमध्ये अर्धा तास जातो आणि फाटकाखालून मात्र गाडीतून सरळ आत. उलट करा. फाटकाशी वीस मिनिटं थांबा आणि या गोष्टी बघा.

पहिली, वीज गेल्यावर ते उघडं राहतं की बंद? मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. ज्येष्ठांच्या वसाहतीत वीज गेल्यावर फाटक उघडून तसंच राहिलं पाहिजे, किंवा बॅटरीवर चाललं पाहिजे. बॅटरी सहसा लेड-ॲसिडची असते, तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि बदलायची कोणाला आठवण राहत नाही. तिच्यावर तारीख लिहिलेली आहे का बघा.

दुसरी, मोटर मोकळी करून फाटक हाताने ढकलायची किल्ली. ती कुठे असते आणि रात्रपाळीच्या माणसाला वापरता येते का? सरकत्या फाटकाच्या रुळात खडी-माती साचली की मोटर जोर लावून थकते आणि फाटक अर्ध्यात अडकतं. तेव्हा ही किल्ली ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात असेल तर तिचा उपयोग शून्य.

तिसरी, रस्त्यातला लूप. बूम बॅरियर म्हणजे गाड्यांसाठी वर-खाली होणारा आडवा दांडा. त्याच्या आधी आणि खाली डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर धातू आला की त्याला गाडी आल्याचं कळतं. मोटारीसाठी ते उत्तम चालतं. बॅटरीवरची तीनचाकी स्कूटर किंवा चाकखुर्ची यांत धातू कमी, त्यामुळे लूपला ती कधी कळते, कधी नाही. मग दांडा माणूस खाली असतानाच उतरायला लागतो. म्हणून सोबत फोटो-बीम, म्हणजे आडवा प्रकाशकिरण अडला की दांडा थांबवणारं उपकरण हवं, आणि तेही एकच नको. एकच किरण पायठेवणीच्या वरून किंवा दोन चाकांच्या मधून निसटू शकतो. कमी-जास्त उंचीवर दोन हवेत.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, चालणाऱ्यांसाठी वेगळा दिंडी दरवाजा. बूमखालून माणसं चालत जाताना दिसली तर समजा की वसाहत गाड्यांसाठी आखली आहे.

मोगरा

वाचतेय. लूपचं माहीत नव्हतं.

अवलोकन

कडीकोयंडा यांनी यंत्र सांगितलं, मी त्यामागचा कारभार सांगतो. फाटकं फोडून क्वचितच कोणी आत येतं. पुढच्या गाडीच्या मागोमाग घुसून येतात, नाहीतर कोड माहीत असतो म्हणून येतात. चारशे घरांना मिळून चार आकड्यांचा एकच कोड असेल आणि तो वर्षानुवर्षं बदललेला नसेल, तर पेपरवाले, कुरिअरवाले, सोडून गेलेले मदतनीस, घर विकून गेलेले जुने रहिवासी अशा सगळ्यांना तो ठाऊक असतो. कीपॅडवरची चार बटणं झिजून गुळगुळीत झालेली असली तर तर्कही लढवावा लागत नाही.

व्यवस्थापकाला तीन प्रश्न विचारा. प्रत्येक घराला आणि प्रत्येक मदतनिसाला वेगळा कोड आहे का? तो मुदत संपली की आपोआप बंद होतो का? मागच्या महिन्यात किती कोड रद्द केले? तिसऱ्या प्रश्नाला आकडा आला तर व्यवस्था जिवंत आहे. ‘तशी वेळ आली नाही’ असं उत्तर आलं तर फाटक शोभेचं आहे.

आणखी एक. ज्येष्ठांचं सर्वात मोठं आर्थिक नुकसान हल्ली फोनवरून होतं. ओटीपी मागणाऱ्याला कुठलंच फाटक अडवत नाही. वसाहतीत बँक-फसवणुकीबद्दल सांगणारं, शंका आली तर लगेच ज्याला विचारता येईल असं माणूस असणं हे एका जादा पहारेकऱ्यापेक्षा मोलाचं आहे.

सांजवारा

अवलोकन, पटलं. पण पहारा असला की मनाला जी स्वस्थता मिळते ती मोजण्यात धरायची नाही का?

मोगरा

धरायलाच हवी. मी इथे गेटेडची बाजू घेते, कारण चोरीच्या पलीकडचा एक फायदा कोणी लिहिला नाही. आतून पलीकडे जाणारी वाहतूक नसते. ज्या रस्त्यावरून फक्त तिथले रहिवासी जातात, तिथे वेगमर्यादा ताशी वीस किलोमीटर ठेवता येते आणि ती पाळलीही जाते. ज्यांचा तोल जातो, ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांना मागून येणाऱ्या गाडीची धास्ती नसेल तर ते रोज बाहेर पडतात. रोज चालणं सुटलं की पायांतली ताकद जाते, आणि ती उतारवयात परत मिळवणं कष्टाचं असतं. म्हणून ‘सुरक्षित वाटतं’ याला हसू नये. वाटलं तरच माणूस घराबाहेर पाऊल टाकतो.

शिवाय वसाहतीचा दिवा गेला तर तो वसाहतीचाच इलेक्ट्रिशियन बदलतो. सार्वजनिक रस्त्यावर तक्रार नोंदवून वाट बघावी लागते आणि तोवर तो कोपरा अंधारात राहतो.

पायवाट

मोगरा, वाहतुकीबद्दल शंभर टक्के सहमत. पण कुंपण चालायचं अंतर वाढवतं, ते मोजायला हवं.

चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटरपर्यंत उतरला की डॉक्टर स्नायूंची झीज तपासायला घेतात. ऐंशीच्या आसपास हा वेग सर्रास आढळतो. याच वेगाने हिशोब करा. घरापासून फाटक ६०० मीटर, फाटकापासून बसथांबा ४०० मीटर. एकूण एक किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एकवीस मिनिटं, तीही कुठे न थांबता. आता असं बघा की दुकान कुंपणाच्या मागच्या भिंतीपलीकडे दीडशे मीटरवर आहे, पण फाटक विरुद्ध टोकाला. दीडशे मीटरचे दीड किलोमीटर होतात. गाडी चालवता येते तोवर हे कळतही नाही. डोळ्यांमुळे किंवा औषधांमुळे गाडी सुटली की त्याच दिवशी वसाहतीची भिंत उभी राहते.

त्यामुळे नकाशा घ्या आणि घरापासून तीन अंतरं चालायच्या वाटेने मोजा: रोजच्या सामानाचं दुकान, औषधांचं दुकान, बस किंवा रिक्षा मिळते ती जागा. प्रत्येक अंतर ४०० मीटरच्या आत असेल तर उत्तम, म्हणजे वर दिलेल्या वेगाने साधारण आठ मिनिटं. ८०० च्या वर असेल तर वसाहतीची शटल लागेल, आणि शटल असेल तर तिचं वेळापत्रक बघा. दिवसातून दोन फेऱ्यांची शटल ही सोय नव्हे.

वाटेत बाकं किती अंतरावर आहेत तेही बघा. पन्नास ते शंभर मीटरवर एक हवं. बसायची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि हात टेकून उठता येईल असे दोन्ही बाजूंना दांडे. दांडे नसलेलं खोलगट सिमेंटचं बाक दिसायला सुंदर असतं, पण गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठता येत नाही.

खुल्या वसाहतीची चाचणी वेगळी. तिथे रस्ता ओलांडणं हा मुद्दा असतो. पादचारी सिग्नल पूर्वीपासून सेकंदाला १.२ मीटर वेग धरून लावतात. अमेरिकेच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमावलीने तो २००९ मध्ये ३.५ फूट, म्हणजे सुमारे १.०७ मीटर केला. बारा मीटर रुंद रस्त्याला १.२ च्या वेगाने दहा सेकंद लागतात, ०.८ ने पंधरा. हा पाच सेकंदांचा फरक मधल्या दुभाजकाने भरून निघतो. दुभाजक उभं राहण्याइतका रुंद आहे का, एवढं बघा.

जमाखर्च

आता पैशांकडे येऊ. रक्कम जागोजागी बदलते म्हणून आकडे भागांत देतो.

पहारा: एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक जण ४८ तास काम करतो असं धरलं तर साडेतीन माणसं. साप्ताहिक सुट्टी त्यात आली, पण रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की प्रत्यक्षात एका फाटकाला चार ते पाच माणसं लागतात. साठ घरांची वसाहत असेल तर बारा घरांमागे एक पगार. सहाशे घरं आणि दोन फाटकं असतील तर साठ घरांमागे एक. म्हणून लहान वसाहतीला पूर्णवेळ पहारा झेपत नाही. तिथे सुरुवातीची दोन वर्षं माणूस दिसतो, मग रात्रीपुरता उरतो, मग नुसता कॅमेरा.

रस्ते: गेटेडमध्ये डांबर, दिवे, गटारं, पाण्याची मुख्य नळी हे सगळं रहिवाशांचं. समजा अंतर्गत रस्ते नव्याने करायचा खर्च १०० भाग आणि आयुष्य वीस वर्षं. सरळ हिशोबाने दरवर्षी ५ भाग बाजूला पडले पाहिजेत. घरं विकली जाईपर्यंत मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून पहिली दहा वर्षं २ च भाग जमा केले, तर विसावर थांबलात. उरलेले ८० भाग पुढच्या दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ८. दोनाचे आठ झाले, आणि ते नेमके उत्पन्न आटलेल्या वयात. महागाई यात धरलेली नाही.

त्यामुळे ‘मेंटेनन्स किती’ यापेक्षा ‘सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत) किती आहेत आणि किती असायला हवेत’ हे विचारा. अमेरिकेत या हिशोबाला रिझर्व्ह स्टडी म्हणतात. छत, लिफ्ट, पंप, रस्ते, फाटकाची मोटर, प्रत्येक वस्तूचं उरलेलं आयुष्य आणि बदलण्याचा खर्च लिहून काढतात. असायला हव्या त्या रकमेच्या सत्तर टक्क्यांवर शिल्लक असेल तर ठीक समजतात, तीस टक्क्यांखाली असेल तर धोक्याची. २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडात सर्फसाइड इथली चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही इमारत कोसळून ९८ माणसं गेली. मोठ्या दुरुस्त्या पुढे ढकलल्या जात होत्या. त्यानंतर २०२२ मध्ये त्या राज्याने तीन मजले आणि त्याहून उंच, सदनिकाधारकांच्या मालकीच्या निवासी इमारतींसाठी ठरावीक वयानंतर तपासणी आणि राखीव निधीचा अभ्यास सक्तीचा केला. ती काही निवृत्तांची वसाहत नव्हती, पण निधी रिकामा ठेवून मेंटेनन्स कमी दाखवायची सवय सगळीकडे सारखीच.

खुल्या वसाहतीत रस्ता सरकारचा, त्यामुळे हा बोजा करांत येतो. त्या बदल्यात कधी काय दुरुस्त होईल यावर तुमचा ताबा नाही. मोगरा यांचा दिव्याचा मुद्दा म्हणून खरा आहे.

सांजवारा

हा हिशोब डोळे उघडणारा आहे. मग निधीचा कागद कोण दाखवतं? विकणारा की व्यवस्थापन?

जमाखर्च

व्यवस्थापन समितीकडे मागायचा. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि थकबाकीची यादी. इतिवृत्तात ‘पुढील वर्षी घेऊ’ हे वाक्य एकाच कामापुढे पुन्हा पुन्हा दिसलं की ते काम तुमच्या पैशांची वाट बघतंय.

रानफूल

पाळीव प्राण्यांचं कोणी बोलेल का? गेटेडमध्ये बरेचदा संख्या आणि वजन दोन्हीवर मर्यादा असते. नियमावलीत आधी बघून घ्या. आत्ता जो प्राणी आहे तो चालेल, तो गेल्यावर दुसरा आणता येणार नाही, असंही कलम असतं.

शुश्रूषा

आता तातडीची वेळ. इथे मिनिटांचा हिशोब आहे.

हृदय अचानक थांबलं आणि छातीदाब किंवा शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. फाटकाशी दोन मिनिटं गेली तर किती गेलं ते तुम्हीच बघा. त्यामुळे रुग्णवाहिकेला फाटकाशी थांबवून नोंद करायची नाही, हा नियम लेखी हवा. रहिवाशाने फोन केला की फाटकावर कळतं का, आणि पहारेकरी बूम वर करून ठेवून घराचा रस्ता दाखवायला माणूस धाडतो का, ते विचारा. काही ठिकाणी सायरनच्या आवाजावर उघडणारं उपकरण बसवतात, काही ठिकाणी अग्निशमन दलाकडेच किल्ली असलेली भिंतीतली पेटी असते. दोन्ही चांगले उपाय. मात्र वर्षातून एकदा त्या दलाला बोलावून चालवून बघायला हवेत.

शॉक देणारं यंत्र, एईडी, फाटकावरच्या केबिनमध्ये ठेवलेलं दिसतं. सहाशे मीटरवरच्या घरासाठी त्याचा उपयोग नाही. भरभर चालणाऱ्यालाही एका दिशेलाच पाच मिनिटं लागतील. कुठल्याही घरातून दीड मिनिटात गाठता येईल अशी जागा हवी, आणि कपाटाला कुलूप नको.

शेवटचे वीस मीटर फाटकाहून जास्त घात करतात. जिना वळणाचा आहे का? लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का? ते सुमारे २.१ मीटर लांब असतं, म्हणजे लिफ्ट आतून तितकी तरी खोल हवी. न्हाणीघराचं दार बाहेर उघडतं का? माणूस आत पडला आणि दार आतल्या बाजूला उघडत असेल तर त्याचं अंगच दाराला अडसर होतं. दार बाहेर उघडणारं, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. मुख्य दाराला आतून साखळी लावून झोपायची सवय असेल तर ती सोडा, आणि घराची जादा किल्ली आकडी कुलपाच्या पेटीत बाहेर ठेवा. या गोष्टी खुल्या वसाहतीतही तितक्याच लागू.

कडीकोयंडा

शुश्रूषा यांना जोड देतो. मागचं ‘फक्त तातडीसाठी’ असलेलं फाटक बघायला विसरू नका. नकाशाचं ॲप बऱ्याचदा तिथेच आणून सोडतं, कारण त्याला ते सर्वात जवळचं वाटतं. टॅक्सीवाला, रुग्णवाहिका सगळे कुलपापुढे येऊन थांबतात आणि मग अर्धी वसाहत वळसा घालतात. उपाय फुकटचा आहे: नकाशावर वसाहतीचा पिन मुख्य फाटकावर आणायची दुरुस्ती पाठवायची, मागच्या फाटकावर बाहेरच्या बाजूने ‘मुख्य प्रवेश इकडे’ अशी बाणाची पाटी, आणि मुख्य फाटकातून आत आल्यावर उजेड असलेला घरक्रमांकांचा फलक. फलक चालकाच्या तोंडासमोर हवा, बागेतल्या कारंज्याकडे वळवलेला नको.

फाटकावरची कमानही मोजा. अमेरिकेच्या अग्निसंहितेत बंबाच्या वाटेला २० फूट म्हणजे ६.१ मीटर मोकळी रुंदी आणि १३ फूट ६ इंच म्हणजे ४.१ मीटर उंची मागतात. बंबाचा आकार देशागणिक वेगळा असला तरी चार मीटरच्या आतली नक्षीदार कमान कुठेही अडचणीची.

अवलोकन

दिवसाचे मदतनीस आणि नर्स यांचंही फाटकाशी नातं असतं. तासावर पैसे घेणाऱ्या मदतनिसाची रोज दहा मिनिटं नोंदवहीत, फोटोत आणि फोन लावण्यात जात असतील तर ती तुमच्या तासातून जातात. पाळी बदलायच्या वेळी, सकाळी आठच्या सुमाराला, फाटकाशी किती रांग लागते ते उभं राहून बघा. कायमच्या मदतनिसांसाठी ओळखपत्र आणि वेगळी वाट असेल तर हा प्रश्नच उरत नाही. त्यांना आदराने वागवलं जातं का, तेही त्या रांगेत दिसतं. जिथे मदतनिसांना ताटकळत ठेवतात तिथे चांगले मदतनीस टिकत नाहीत, आणि ऐंशीनंतर सगळी भिस्त त्यांच्यावरच असते.

कलमदान

नाव आणि हक्क यांत फरक असतो, हे दाखवणारी उदाहरणं देतो, कारण ही कल्पना जिथे मोठ्या प्रमाणावर रुजली त्या अमेरिकेत दोन्ही प्रकार सापडतात.

ॲरिझोनातली सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाली. निवृत्तांच्या मोठ्या आखीव वसाहतींत ती सर्वात गाजलेली, आणि तिला फाटक नाही. रस्ते सार्वजनिक आहेत. कॅलिफोर्नियात सील बीच इथली लेजर वर्ल्ड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, ती मात्र भिंत-फाटकाची. फ्लोरिडातल्या द व्हिलेजेसमध्ये फाटकं आणि केबिनी दिसतात, पण रस्ते मुख्यतः सार्वजनिक असल्याने बाहेरच्या माणसालाही आत जाता येतं. फाटक वाहनाचा वेग कमी करतं आणि कॅमेऱ्यात नोंद होते, इतकंच. म्हणून ‘गेटेड’ हा शब्द वाचून थांबू नका. रस्त्याची मालकी कोणाची, हे नोंदणीच्या नकाशावर बघा. रस्ता सार्वजनिक असेल तर पहारेकरी कोणाला अडवू शकत नाही.

वयाच्या अटीचं त्याहून महत्त्वाचं. अमेरिकेत ५५ वर्षांवरच्यांसाठी म्हणवणाऱ्या वसाहतीत राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून मोठा एक तरी माणूस असावा लागतो. हा नियम १९९५ च्या कायद्याने स्पष्ट झाला. उरलेल्या वीस टक्क्यांची मोकळीक वारलेल्या रहिवाशाची तरुण पत्नी किंवा पती अशांसाठी कामी येते. नियम कागदावर नीट नसेल तर अट सुटते. सन सिटीला लागूनच असलेलं यंगटाउन हे १९५४ पासूनचं निवृत्तांचं गाव. एका नातवाला आजी-आजोबांकडे राहू द्यायचं की नाही यावरून वाद झाला आणि १९९८ मध्ये वयाची अटच गेली.

तुमच्या देशात कायदा कुठलाही असो, करारात चार कलमं शोधा. वारसाला घर मिळालं आणि तो वयात बसत नसेल तर काय? तो राहू शकतो, की फक्त विकू शकतो? विकेपर्यंतचा मेंटेनन्स कोण भरणार? नातवंडं वर्षातून किती दिवस राहू शकतात? आणि डिपॉझिट असेल तर ते कधी परत: घर सोडल्यावर, की पुढचा माणूस आल्यावर? ‘पुढचा माणूस आल्यावर’ असेल तर कमाल मुदत लिहून घ्या. मुदत नसलेलं परतीचं वचन वारसांना वर्षानुवर्षं लटकवून ठेवतं.

रानफूल

कलमदान, नियम बदलायचा अधिकार कोणाकडे, हेही त्यात घाला. बांधणाऱ्याने शेवटचं घर विकेपर्यंत बहुमत स्वतःकडे ठेवलेलं असतं.

कलमदान

बरोबर. कारभार रहिवाशांकडे देण्याची अट विकलेल्या घरांच्या टक्क्यांत किंवा तारखेत, यातलं जे आधी येईल ते, अशी हवी. नुसतं ‘सर्व घरे विकल्यानंतर’ असेल तर चार घरं न विकता ठेवून ताबा लांबवता येतो.

सांजवारा

एक काळजी राहिली. पुढे कोणाला विसरण्याचा आजार झाला, माणूस घरातून निघून जायला लागला, तर गेटेड बरी ना? निदान बाहेर तरी जाणार नाही.

शुश्रूषा

या बाबतीत फाटकावर विसंबू नका. फाटक गाड्या अडवतं, माणसं नाही. पहाऱ्याची सगळी नजर आत येणाऱ्यावर असते. नीटनेटक्या कपड्यांतले आजोबा सकाळी बाहेर निघाले तर पहारेकरी त्यांना नमस्कार करून दार उघडून देतो. आणि आतही धोके असतात: शोभेचं तळं, पोहण्याचा तलाव, तळघरातलं पार्किंग. कोणी दिसेनासं झालं तर आधी आसपासचं पाणी आणि बंद जागा बघायच्या.

करायच्या गोष्टी अशा: कुटुंबाच्या संमतीने फोटो आणि नाव बाहेर पडायच्या वाटेवर, घराच्या दारावर उघडल्याची घंटी, अंगावर जीपीएसचं घड्याळ किंवा पदक, आणि शोधाची आधीच ठरलेली वाटणी. कोण कुठल्या दिशेने जाणार हे ऐन वेळी ठरवत बसायची वेळ येऊ नये.

खरोखर त्या आजारासाठी आखलेली बंद वस्ती कशी असते ते बघायचं असेल तर नेदरलँड्समधल्या वेस्प इथलं ‘दे होखवेक’ वाचा. ते २००९ पासून आहे. एका घरात सहा-सात जण, बाहेर रस्ते, चौक, दुकान, उपाहारगृह. हद्द बंद, पण हद्दीच्या आत माणूस हवा तसा फिरतो, आणि प्रत्येक वाट फिरून ओळखीच्या जागी येते. तिथे फाटक चालतं, कारण आत दिवसरात्र शिकलेली माणसं आहेत. नुसत्या कुंपणाने ते साधत नाही.

मोगरा

हे वाचून माझं मत थोडं बदललं. मग असा मधला प्रकार नाही का, की रस्ता खुला आणि इमारतीला दार?

पायवाट

आहे, आणि सपाट जमिनीवर गावाच्या मध्यभागी घर मिळत असेल तर माझी पहिली पसंती तीच. रस्ता, बाग, दुकानं सगळ्यांची. कुलूप इमारतीच्या लॉबीला आणि मग घराला. बंदोबस्त करायची जागा एक दार, म्हणून लॉबीत एक माणूस पुरतो. बोस्टनमध्ये बीकन हिल व्हिलेज २००२ मध्ये सुरू झालं, ते तर इमारतही बांधत नाही. लोक आपापल्या जुन्या घरात राहतात आणि वर्गणी भरून वाहतूक, दुरुस्ती, सोबत अशी मदत मिळवतात. पुढे कित्येक ठिकाणी त्याच धर्तीवर गट निघाले. घर बदलायची ताकद नसलेल्यांनी हा मार्ग आधी तपासावा.

अट एकच, लॉबीपर्यंत पायरी नको. १५ सेंटिमीटरचा उंबरठा असेल तर १:१२ च्या उताराला १.८ मीटर लांबी लागते. ती जागा दारापुढे आहे का बघा. नाहीतर फळी टाकून काम चालवतात आणि पावसात ती घसरते.

जमाखर्च

मधल्या प्रकाराचा खर्चही मधला नसतो, बराच कमी असतो. रस्ता करांतून, पहारा एकाच दाराचा. मात्र जागा गावाच्या मध्यावर असल्याने घराची किंमत जास्त. दरमहा कमी, सुरुवातीला जास्त. निवृत्तीच्या पैशांतला किती भाग गुंतवणुकीत ठेवायचा आहे त्यावर ठरवा.

रानफूल

बॅटरीच्या स्कूटरींचा विषय निघाला होता म्हणून विचारते, त्या चार्ज कुठे करायच्या? बऱ्याच इमारतींत जिन्याखाली लावलेल्या दिसतात.

कडीकोयंडा

जिन्याखाली कधीच नको. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर धूर थेट बाहेर पडायच्या एकमेव वाटेत भरतो. चार्जिंगची जागा उघड्यावर, छपराखाली, दारापासून लांब आणि वेगळ्या एमसीबीवर हवी. मूळ चार्जरच वापरायचा, रात्रभर लावून झोपायचं नाही. वसाहत निवडताना अशी जागा आहे का विचारा. पाच वर्षांनी अर्ध्या रहिवाशांकडे स्कूटर असणार आहे.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. वरच्या जोडप्यासाठी आता क्रम असा लावते, चुकत असेल तर सांगा. आधी गाडीविना तीन अंतरं. मग न्हाणीघराचं दार, लिफ्ट, उंबरठा. मग निधीचा कागद आणि वारसाचं कलम. मग रुग्णवाहिकेचा लेखी नियम. फाटक आहे की नाही हे पाचव्या जागी.

मोगरा

क्रमात एक भर: रात्री नऊनंतर एकदा जाऊन या. खुल्या वसाहतीत दिवे आणि वर्दळ कळते, गेटेडमध्ये पहारेकरी जागा आहे का ते कळतं. आणि बाकांवर संध्याकाळी माणसं बसतात का, तेही त्याच फेरीत थोडं लवकर जाऊन बघा. जिथे माणसं बाहेर बसतात तिथे कोणी दोन दिवस दिसलं नाही तर विचारायला येतात.

शुश्रूषा

क्रम योग्य. फक्त रुग्णवाहिकेचा नियम निधीच्या वर घ्या.

कडीकोयंडा

आणि गेटेडच घेतलीत तर दिंडी दरवाजाचं कीपॅड मोजा. चाकखुर्चीत बसून हात पोचायला बटणं जमिनीपासून ९० ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान हवीत, दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर, आणि दारापुढे खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा. दार आपोआप मिटणारं असेल तर त्याचा क्लोझर ढिला करून घ्या. काठी हातात असताना जोरात येणारं दार मागून लागतं.